‘वॉक’चं गणगोत: आपली चाल इंग्रजीत सांगायची कशी

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक नर्स येते. आयर्लंडला नोकरीसाठी जायची तिची तयारी चालू आहे. एकदा तिला म्हटलं, तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या पेशंटबद्दल मराठीत सांग बघू. ती भडाभडा बोलली: “सात नंबरचे आजोबा काल भिंतीला धरून धरून, खुरडत बाथरूमपर्यंत गेले. आज वॉकर घेऊन, सावकाश का होईना, पण नीट पाऊल टाकत चालतायत.” आता हेच इंग्रजीत सांग म्हटल्यावर ती थांबली, आणि मग म्हणाली, “येस्टरडे ही वॉज वॉकिंग स्लोली. टुडे ही इज वॉकिंग स्लोली.”

वर्ग हसला, तीही हसली. पण हसण्यापुरतं ते नव्हतं. मराठीत आजोबा एका रात्रीत सुधारले होते आणि इंग्रजीत ते होते तिथेच राहिले. हे ऐकणारा डॉक्टर म्हणेल, काहीच फरक नाही.

तिला ‘वॉक’चे समानार्थी शब्द येत नव्हते असंही नाही. पाठ केलेली यादी होती तिच्याकडे, बावीस शब्दांची. यादी पाठ असून उपयोग होत नाही, कारण बोलताना आपल्या डोक्यात आधी ‘खुरडत’ येतं आणि यादीत ‘खुरडत’ नावाचं खातंच नसतं. म्हणून मी यादीकडून न जाता मराठीकडून जाते. आपल्याकडे चालीचे शब्द भरपूर आहेत. ते इंग्रजी वाक्यात कुठल्या जागी बसवायचे, एवढंच शिकायचं आहे.

पहिली पायरी: ‘चालणे’ आणि ‘वॉक’ यांची फारकत

मराठीतल्या चालण्याला पाय लागत नाहीत. घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात केस चालते, घरात एखाद्याचं काही चालत नाही, आणि चहात साखर कमी असली तरी चालते. इंग्रजीतलं ‘वॉक’ मात्र जवळजवळ नेहमी पायांनीच होतं. त्यामुळे घड्याळ ‘वर्क’ करतं, दुकान ‘डूइंग वेल’ असतं, केस ‘गोइंग ऑन’ असते, घरात ज्याचं काही चालत नाही तो ‘हॅज नो से’, आणि चहाला आपण ‘दॅट्स फाइन’ म्हणून मोकळे होतो.

‘पाच वाजता चालेल का?’ याला इंग्रजीत ‘वुड फाइव्ह वर्क फॉर यू?’ म्हणतात. आणि इथेच उच्चाराचा घोळ होतो, कारण आपल्यापैकी बरेच जण ‘वर्क’ आणि ‘वॉक’ जवळपास एकसारखंच बोलतात. ‘वॉक’मधला ‘एल’ फक्त लिहायचा, म्हणायचा नाही. ‘टॉक’ आणि ‘चॉक’मध्ये तो असाच गप्प बसलेला असतो. ‘वॉ’ म्हणताना ओठ गोल करा, ‘वर्क’ला ते सैल सोडा. भूतकाळात स्पेलिंगला शेवटी ‘ई-डी’ असलं तरी कानाला ‘वॉक्ट’ असंच ऐकू येतं, ‘वॉकेड’ नाही.

आता आपल्या तीन पक्क्या चुका. एक, ‘आय केम बाय वॉक’. बस, ट्रेन, कार यांच्याआधी ‘बाय’ लागतं, कारण ती वाहनं आहेत. आपले पाय इंग्रजीच्या हिशेबात वाहन नाहीत. सरळ ‘आय वॉक्ट’ म्हणा, फार तर ‘आय केम ऑन फुट’. दोन, ‘आय गो फॉर वॉकिंग’. तिथे ‘आय गो फॉर अ वॉक’ हवं. तीन, अंतर सांगताना होणारी चूक. ‘चालत दहा मिनिटं’ म्हणजे ‘अ टेन-मिनिट वॉक’. दहा असली तरी ‘मिनिट’ला ‘एस’ लागत नाही, कारण इथे तो शब्द विशेषणाचं काम करतोय.

गंमत म्हणून सांगते, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चालणं नव्हताच. लोळणं, घुसळणं, हेलकावणं असा काहीसा तो होता. लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून ते ओलं करून तुडवत, त्या कामालाही हाच शब्द होता. ते काम करणारा तो ‘वॉकर’. आज इंग्रजांमध्ये हे आडनाव दिसतं तेव्हा पूर्वज फिरायला जाणारा नव्हे, कापड तुडवणारा होता असं समजायचं.

दुसरी पायरी: वाक्य उलटं करा

सगळ्या लेखातली ही कळीची पायरी आहे. बाकीच्या चाळल्या तरी चालतील, ही नको.

हे वाक्य घ्या: ‘ती तणतणत खोलीतून बाहेर पडली.’ यात चालण्याची ढब ‘तणतणत’मध्ये आहे आणि दिशा ‘बाहेर पडली’मध्ये. मुख्य क्रियापद दिशेला दिलंय, ढब शेजारी बसवलीय. इंग्रजी याच्या बरोबर उलट करतं: ‘शी स्टॉर्म्ड आउट ऑफ द रूम.’ इथे ढबच क्रियापद झाली आणि आपलं ‘बाहेर पडणं’ एका ‘आउट’मध्ये उरकलं.

लिओनार्ड टॅल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांचे गट या फरकावरून पाडले: हालचालीची दिशा क्रियापदात भरणाऱ्या भाषा एकीकडे, आणि ती क्रियापदाबाहेरच्या बारक्या शब्दाकडे सोपवणाऱ्या दुसरीकडे. इंग्रजी दुसऱ्या गटात येते, म्हणून तिचं क्रियापद रिकामं राहतं आणि त्यात ढब बसते. चालीची इतकी क्रियापदं इंग्रजीत का साठली, ते यावरून कळतं. आपली श्रीमंती क्रियाविशेषणांत आहे: तरातरा, झपझप, दुडूदुडू, तुरुतुरु, रमतगमत.

तेव्हा कृती अशी. मराठी वाक्यातल्या ढबीच्या शब्दाखाली रेघ मारा. त्या शब्दाचं इंग्रजी क्रियापद शोधा. मग आलं-गेलं-चढलं-उतरलं हे सगळं काढून टाका आणि त्यांच्या जागी ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘डाउन’, ‘अक्रॉस’ यांतलं एक ठेवा.

‘म्हातारा लंगडत लंगडत जिना चढून वर आला.’ रेघ ‘लंगडत’खाली. ‘दि ओल्ड मॅन लिंप्ट अप द स्टेअर्स.’ आपले ‘चढून’, ‘वर’ आणि ‘आला’ हे तिन्ही शब्द त्या एकट्या ‘अप’च्या पोटात गेले.

‘बाळ दुडूदुडू माझ्याकडे आलं.’ ‘द बेबी टॉडल्ड ओव्हर टु मी.’ लहान मुलाला ‘टॉडलर’ म्हणतात ते यावरूनच.

‘चोर दबकत दबकत खिडकीपाशी गेला.’ ‘द थीफ क्रेप्ट अप टु द विंडो.’

एक गोष्ट मात्र या व्यवहारात हरवते. मराठीत ‘वर आला’ म्हटलं की सांगणारा वर उभा आहे हे कळतं, ‘वर गेला’ म्हटलं की तो खाली आहे. ‘लिंप्ट अप’मध्ये ते कळत नाही. तुम्हाला ते राखायचंच असेल तर ‘ही केम लिंपिंग अप द स्टेअर्स’ म्हणा. ‘केम’ आत घेतलं की सांगणारा पुन्हा जिन्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहतो.

आणि वाक्यात ढबीचा शब्दच नसेल तर? तर ‘वॉक’ लिहा आणि पुढे चला. ‘मी घरी चालत गेले’ याचं ‘आय वॉक्ट होम’ हेच उत्तम इंग्रजी. तिथे उगाच ‘सॉन्टर’ घुसवणारे निबंध मी दर वर्षी तपासते आणि दर वर्षी लाल पेन झिजतं.

तिसरी पायरी: बाकावर बसा

शब्द पुस्तकातून लावून घेण्यापेक्षा माणसांवरून लावून घ्या. वही घ्या, सकाळी जिथे लोक फिरायला येतात तिथल्या बाकावर बसा आणि पंधरा-वीस मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल मराठीत टिपा. इंग्रजीचा विचार तेव्हा करायचा नाही. घरी येऊन चहा झाला की मग दुसरा रकाना भरायचा. माझी जागा रंकाळ्याच्या काठी आहे. वहीत उतरलेल्या नोंदींतून काही इथे उलगडते.

दोन निवृत्त गृहस्थ. हात पाठीमागे बांधलेले, बोलण्यातला मुद्दा मोठा झाला की पाय थांबतात, मुद्दा संपला की पुन्हा सुरू. रमतगमत. यांना ‘स्ट्रोल’ अगदी बसतं: घाई नाही, काम नाही, फिरण्यातच सुख. आपला ‘फेरफटका’ म्हणजे ‘अ स्ट्रोल’. ‘अ‍ॅम्बल’ याच घरातला, फक्त थोडा अधिक संथ. तो घोड्याच्या एका सुखद चालीलाही वापरतात. मुळात लॅटिनमधल्या चालण्याच्या शब्दावरून तो आला, आणि ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ही तिथूनच: सैन्याबरोबर फिरतं रुग्णालय. ‘सॉन्टर’मध्ये निवांतपणाबरोबर थोडी बेफिकिरीही असते. तास सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर जो मुलगा खिशात हात घालून वर्गात येतो तो ‘सॉन्टर्स इन’. म्हणणाऱ्याच्या कपाळावरची आठी त्या शब्दात दिसते.

दोघी मैत्रिणी, साडीवर स्पोर्ट्स शूज, झपझप. मी चटकन ‘स्ट्राइड’ लिहिणार होते, पण थांबले. ‘स्ट्राइड’ला टांग लांब हवी, ढांगा हव्यात. या दोघींची पावलं छोटी होती आणि वेग मोठा. याला एका शब्दाचा हट्ट नको. ‘दे वॉक्ट ब्रिस्कली’ हेच नेमकं आहे. डॉक्टर सांगतात तो ‘ब्रिस्क वॉक’ हाच: बोलता येईल, पण गाता येणार नाही इतका वेग. ‘स्ट्राइड’चा भूतकाळ ‘स्ट्रोड’ होतो, ‘स्ट्राइडेड’ नाही, हे जाता जाता.

फोन कानाला लावलेला एक जण, दिव्याच्या दोन खांबांच्या मध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे. येरझारा. इतकी चपखल जोडी क्वचित मिळते: ‘ही वॉज पेसिंग अप अँड डाउन.’ ऑपरेशन थिएटरबाहेरचा नातेवाईकही हेच करतो. फिरायला आलेल्या माणसाला ‘पेस’ लावू नका. त्यात काळजी नाहीतर अस्वस्थता असते.

गुडघे दुखणाऱ्या आजी. इथे तीन शब्दांची गल्लत होते, म्हणून मी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, त्यांना ते आवडलं नसावं. एका पायावर कमी भार देत चाललं की ‘लिंप’, म्हणजे लंगडणं. दुखतंय, तोल सांभाळायची कसरत चाललीय, पाऊल कसंबसं पडतंय, तर ‘हॉबल’. आणि पाऊल जमिनीवरून उचललंच जात नाही, घासत पुढे सरकतं, चपलेचा फरफर आवाज येतो, तर ‘शफल’. आजी ‘हॉबल’ करत होत्या. आमच्या नर्सचे सात नंबरचे आजोबा भिंतीला धरून ‘शफल’ करत होते.

रात्रपाळी करून परतणारा एक कामगार, डबा हातात, मान खाली. पाय ओढत. ‘ही ट्रज्ड होम.’ या शब्दात थकवा आहे आणि रस्ता संपत नसल्याची भावना आहे. चिखलातून, उन्हातून, चढावरून होणारी आपली ‘पायपीट’ म्हणजे ‘ट्रज’. ‘प्लॉड’ त्याचा भाऊ, पण त्यात दमण्यापेक्षा जडपणा आणि चिकाटी जास्त. बैलासारखा एका लयीत चालणारा ‘प्लॉड’ करतो.

नवी कोरी कोल्हापुरी घातलेला एक बहाद्दर, करकर वाजवत, छाती पुढे. मोर पिसारा घेऊन करतो तो ‘स्ट्रट’, आणि त्यात खांदे हलवण्याची मग्रुरी मिसळली की ‘स्वॅगर’. दोन्ही शब्दांत बोलणारा त्या माणसाला मनातून हसत असतो. साहेबांच्या निरोप समारंभाच्या भाषणात वापरू नका.

बदकं होती, ती ‘वॅडल’ करत पाण्यात गेली. फुलवाली लगबगीने आली, ‘शी बसल्ड पास्ट’. एक तरणा गडी आणि त्याचा कुत्रा, त्यात कोण कोणाला फिरवत होतं ते ठरेना, पण इंग्रजीत माणूसच ‘वॉक्स हिज डॉग’.

एका बैठकीत सात-आठ चाली मिळाल्या तरी पुष्कळ. आठवडाभर बसलात तर त्याच त्याच चाली परत दिसू लागतात, आणि तेव्हाच शब्द पक्के होतात.

चौथी पायरी: लांबचा पल्ला

‘आम्ही रविवारी ट्रेकला गेलो’ हे आपल्या सह्याद्रीतलं मराठी झालं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण परदेशातल्या मित्राला ‘ट्रेक’ लिहिलंत तर त्याच्या डोळ्यांसमोर पाठीवर तंबू घेऊन दहा-बारा दिवसांची हिमालयातली वाट येईल. सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याला तो ‘अ डे हाइक’ म्हणेल. ‘ट्रेक’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांकडून इंग्रजीत आला. मूळ अर्थ ओढणं. बैल जुंपलेल्या गाड्या ओढत ओढत केलेला प्रवास तो ‘ट्रेक’. १८३०च्या दशकात ब्रिटिश अंमलाला कंटाळून हे लोक दक्षिण टोकाची केप वसाहत सोडून आत आत गेले, त्याला ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. त्या शब्दात दगदग मुळापासूनच आहे.

‘मार्च’मध्ये हेतू लागतो. सैन्याची शिस्तबद्ध चाल किंवा मागणीसाठी काढलेली पदयात्रा. गांधीजी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले, सुमारे ३८५ किलोमीटर. इंग्रजीत तो ‘सॉल्ट मार्च’. २०१८मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले, त्यालाही ‘लाँग मार्च’ म्हटलं गेलं. दोन्ही मार्च महिन्यातच निघाले हा निव्वळ योगायोग. महिन्याचं नाव रोमन युद्धदेवतेवरून आलंय, क्रियापदाचा त्याच्याशी संबंध नाही.

मग आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी काय करतात? अडीचशे किलोमीटर आणि शिस्तीच्या दिंड्या, म्हणून ‘मार्च’? नाही. दमवणारी वाट, म्हणून ‘ट्रेक’? तेही नाही. ‘दे वॉक टु पंढरपूर’ एवढंच. टाळ, तुळस, पाऊस, रिंगण, जे काय सांगायचं ते पुढच्या वाक्यांत सांगा. ‘वॉक’ साधा आहे म्हणूनच तो इथे सगळ्यांत चांगला बसतो.

‘वणवण’ने मात्र माझी फजिती केली होती. सुरुवातीच्या काळात एका मासिकासाठी भाषांतरं करायचे. दुष्काळावरच्या लेखात ‘बायका पाण्यासाठी वणवण फिरतात’ असं होतं. मी लिहिलं, ‘विमेन वॉन्डर फॉर वॉटर’. संपादकबाईंनी समासात प्रश्न केला होता, “या सहलीला निघाल्यात का?” ‘वॉन्डर’ म्हणजे मन नेईल तिकडे भटकणं, आपली ‘भटकंती’. वणवणीत मन नसतं, नाइलाज असतो. मग मी ‘ट्रज फॉर माइल्स टु फेच वॉटर’ केलं. अजूनही ते पूर्ण समाधानाचं नाही. ‘वणवण’मध्ये पाणी मिळेलच याची खात्री नसते, आणि ती अनिश्चितता ‘ट्रज’मध्ये येत नाही. तिथे ‘फ्रॉम वन ड्राय वेल टु द नेक्स्ट’ असं जोडावं लागतं.

पाचवी पायरी: ‘वॉक’च्या शेपट्या

रोजच्या बोलण्यात समानार्थी शब्दांपेक्षा ‘वॉक’ला जोडून येणारे छोटे शब्द जास्त भेटतात.

‘चल, तुला कोपऱ्यापर्यंत सोडते.’ आपण पटकन ‘आय विल ड्रॉप यू’ म्हणतो आणि समोरचा गाडी शोधू लागतो. ‘आय विल लीव्ह यू’ म्हटलं तर त्याहून वाईट, तो तर काडीमोडच. हवं ते वाक्य आहे ‘आय विल वॉक यू टु द कॉर्नर’. माणसाच्या सोबतीने चालत जाणं या एका क्रियापदात मावतं. वॉर्डात हेच क्रियापद उपयोगी पडतं: ‘आय वॉक्ट द पेशंट टु द बाथरूम’, म्हणजे धरून नेलं. ब्रिटन-आयर्लंडच्या रुग्णालयांत नोंदीत ‘मोबिलाइझ’ लिहितात, अमेरिकेत ‘अ‍ॅम्ब्युलेट’. आजोबांसाठी अखेर वर्गाने मिळून जी नोंद केली ती अशी: ‘येस्टरडे ही शफल्ड टु द बाथरूम, होल्डिंग ऑन टु द वॉल. टुडे ही इज मोबिलाइझिंग विथ अ फ्रेम, स्लोली बट स्टेडिली.’ आपण ज्याला वॉकर म्हणतो त्याला तिकडे ‘फ्रेम’ किंवा ‘झिमर फ्रेम’ म्हणतात, हेही तिने वहीत लिहून घेतलं.

ऑफिसात ‘कॅन यू वॉक मी थ्रू इट?’ असं कोणी विचारलं तर उठून चालू लागू नका. एकेक टप्पा समजावून सांगा, एवढंच म्हणणं आहे.

‘वॉक आउट’ म्हणजे निषेध म्हणून निघून जाणं. विधानसभेत होतो त्याला आपली वर्तमानपत्रं ‘सभात्याग’ म्हणतात. ‘वॉक आउट ऑन’ असं ‘ऑन’ लागलं की ते घरातलं प्रकरण होतं, नवऱ्याला किंवा बायकोला सोडून जाणं. एका शब्दाने एवढा फरक पडतो. ‘वॉक अवे’ म्हणजे सौद्यातून माघार, किंवा अपघातातून धडधाकट बाहेर पडणं. ‘वॉक इन’ आपल्याकडे मुलाखतीच्या जाहिरातींमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘डोन्ट लेट देम वॉक ऑल ओव्हर यू’, त्यांना डोक्यावर बसू देऊ नकोस. इंग्रजीत अंगावरून चालतात, मराठीत डोक्यावर बसतात.

‘वॉकओव्हर’ मला विशेष आवडतो, कारण मराठीने त्याचं भाषांतर इतकं छान केलंय की ते भाषांतर वाटत नाही: ‘पुढे चाल’. कबड्डीच्या स्पर्धेत समोरचा संघ आलाच नाही की ‘पुढे चाल मिळाली’. इंग्रजीत हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकच घोडा उरला तर त्याने धावायचीही गरज नसे, मैदान नुसतं चालत पार केलं की जिंकला.

क्रिकेटमध्ये ‘ही वॉक्ट’ म्हणजे पंचाची वाट न पाहता फलंदाज स्वतःहून तंबूत परतला. २००३च्या विश्वचषकातल्या श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पंचाने नाबाद ठरवूनही अ‍ॅडम गिलख्रिस्ट निघून गेला, तो या शब्दाचा सगळ्यांत गाजलेला दाखला. इथे चालण्याच्या ढबीचा काही संबंध नाही, प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. त्यामुळे ‘वॉक’च्या जागी दुसरा कुठलाही शब्द चालत नाही.

सहावी पायरी: जपून

काही शब्द कोशात ‘चालणे’खाली दिसतात पण त्यांना हात लावताना आजूबाजूला बघावं. ‘स्टॉक’, शेअर बाजारातला नव्हे, ‘एल’ गप्प असलेला. दबा धरून मागे जाणं, किंवा रागाने ताठ मानेने निघून जाणं, असे त्याचे जुने अर्थ. आज माणसाबद्दल वापरला की पहिला अर्थ लागतो तो पाठलागाचा, आणि तो गुन्हा आहे: २०१३पासून भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. ‘प्राउल’ शिकारी जनावराला ठीक. ‘लॉइटर’ म्हणजे रेंगाळणं खरं, पण विनाकारण आणि संशयास्पद. शाळेतून रमतगमत येणाऱ्या पोराला ‘डॉडल’ वापरा, त्यात फक्त आईचा वैताग आहे. आणि बाईमाणसाच्या चालीला ‘वॅडल’ चुकूनही नको, बदकालाच राहू द्या.

सराव

आधी रेघ मारा, मग उलटा, मग खालचं उत्तर बघा.

‘पोरगं चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात शिरलं.’ ‘द किड टिपटोड इंटु द किचन.’ रेघ ‘चवड्यांवर’खाली. ‘ऑन हिज टोज’ वेगळं लिहायची गरज नाही, ते क्रियापदातच आहे.

‘तो झोकांड्या खात रस्ता ओलांडून गेला.’ ‘ही स्टॅगर्ड अक्रॉस द रोड.’ दारूच प्यायला असेल असं नाही. डोक्याला मार लागलेला माणूसही ‘स्टॅगर’ करतो.

‘आम्ही गुडघाभर पाण्यातून वाट काढत स्टेशनला पोचलो.’ ‘वी वेडेड थ्रू नी-डीप वॉटर टु द स्टेशन.’ जुलैतल्या मुंबईसाठी ‘वेड’ हा शब्द लक्षात ठेवाच.

‘बाबा रोज रात्री जेवल्यावर शतपावली करतात.’ वर्गात यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. ‘स्ट्रोल’ म्हणावं तर बाबा अंगणातच फिरतात, कुठे जात नाहीत. ‘पेस’ म्हणावं तर त्यांना कसलीच काळजी नाही. तब्येतीसाठी नेमाने मारायच्या फेरीला जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असा भारदस्त शब्द होता, पण तो आज बोललात तर लोक राज्यघटनेबद्दल बोलताय असं समजतील. शेवटी आम्ही ‘डॅड टेक्स अ शॉर्ट वॉक आफ्टर डिनर एव्हरी नाइट’ यावर तडजोड केली. मागच्या बाकावरचे एक काका मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, “पण यात शंभर कुठे आले?”